औषध मोफत असूनही रुग्ण परत का येत नाही? हिस्पॅनिक समलैंगिक पुरुष, एचआयव्ही उपचार आणि अविश्वास

तुमच्या प्रश्नाचा आशय आधी थोडक्यात मांडते, म्हणजे इतर वाचकांनाही संदर्भ लागेल. तुम्ही महाराष्ट्रातील एका एआरटी सेंटरमध्ये, म्हणजे एचआयव्हीवरील औषधे देणाऱ्या सरकारी केंद्रात, समुपदेशनाचे काम केले आहे आणि आता ह्यूस्टनमधील एका सामुदायिक दवाखान्यात केस मॅनेजर म्हणून रुजू झाला आहात. तुमच्या यादीतील बरेचसे रुग्ण एचआयव्ही असलेले, स्पॅनिश बोलणारे समलैंगिक किंवा उभयलैंगिक पुरुष आहेत. ते अदबीने बोलतात, प्रत्येक सूचनेला मान डोलावतात, औषधाची पहिली डबी घेऊन जातात आणि दोन-तीन महिन्यांत दिसेनासे होतात. त्यांच्यापैकी एकाने तुम्हाला सांगितले की हा आजार मुळापासून बरा करणारे औषध केव्हाच सापडले आहे, पण ते श्रीमंतांसाठी दडवून ठेवले आहे. तुमचे सहकारी या सगळ्याला ‘मेडिकल मिस्ट्रस्ट’, म्हणजे वैद्यकीय व्यवस्थेवरचा अविश्वास, म्हणून मोकळे होतात. तुमचे प्रश्न तीन आहेत: हे अज्ञान आहे का, ते घालवण्यासाठी नेमके काय सांगावे, आणि जेमतेम स्पॅनिश येणाऱ्या मराठी माणसावर हे पुरुष कधी विश्वास ठेवतील का.

मी अमेरिकेच्या नैर्ऋत्य भागातील एचआयव्ही दवाखान्यांत बरीच वर्षे क्लिनिकल फार्मसिस्ट म्हणून काम करते आहे. औषधाच्या खिडकीतून रुग्णाची जी बाजू दिसते ती डॉक्टरांना सहसा दिसत नाही: डबी कोणत्या तारखेला उचलली, घरापासून चाळीस मैलांवरच्या फार्मसीतून का उचलली, टपालाने पाठवू नका असे का सांगितले, फोन नंबर का बदलला. माझे उत्तर या खिडकीतून दिसलेल्या गोष्टींवर आधारलेले आहे आणि ते तुमच्या प्रत्येक रुग्णाला लागू पडेल असा माझा दावा नाही. माणूस कोणत्या देशातून आला, अमेरिकेतच जन्मला की चाळिशीत सीमा ओलांडून आला, त्याच्याकडे कागदपत्रे आहेत का, विमा स्वतःचा आहे की आईवडिलांचा, घरी पत्नी आहे की जोडीदार, यावर फार काही अवलंबून असते. स्थलांतराचे नियमही भराभर बदलतात, त्यामुळे त्यासंबंधी मी जे लिहिले आहे ते दवाखान्याशी संबंधित वकिलाकडून पडताळून घेतल्याशिवाय रुग्णाला सांगू नका.

प्रश्नाचे गांभीर्य आकड्यांतही दिसते. २०२२ मध्ये अमेरिकेत एचआयव्हीचे सुमारे ३१,८०० नवे संसर्ग झाले असावेत असा सीडीसी या तेथील रोगनियंत्रण संस्थेचा अंदाज आहे. देशाच्या लोकसंख्येत हिस्पॅनिकांचा, म्हणजे स्पॅनिशभाषक देशांशी मुळे जुळलेल्या लोकांचा (त्यांनाच लॅटिनोही म्हणतात), वाटा जेमतेम १९ टक्के असला तरी या नव्या संसर्गांत तो सुमारे एक तृतीयांश होता, आणि त्यातही समलैंगिक व उभयलैंगिक पुरुष सर्वाधिक होते. औषधे मात्र इतकी चांगली आहेत की दिवसाला एका गोळीने विषाणू रक्तात सापडेनासा होतो. मग अडते कुठे, हा तुमचा प्रश्न रास्तच आहे.

तरीही अविश्वासाकडे वळण्यापूर्वी एक सावधगिरी बाळगा. रुग्ण आला नाही की कागदावर ‘अविश्वास’ असे लिहून टाकणे सोयीचे असते, कारण मग दवाखान्याला स्वतःत काही बदलावे लागत नाही. छपरांची कामे करणाऱ्या माणसाला वादळानंतरचे दोन महिने म्हणजे वर्षाच्या कमाईचा हंगाम असतो, आणि त्या काळात मंगळवारी सकाळी दहाची वेळ देणे म्हणजे ‘येऊ नकोस’ असे सांगण्यासारखेच आहे. टेक्सासने मेडिकेडचा, म्हणजे गरिबांसाठीच्या सरकारी आरोग्य विम्याचा, विस्तार केलेला नाही आणि कागदपत्रे नसलेल्या माणसाला विमा बाजारपेठेतून विमा विकतही घेता येत नाही, त्यामुळे तो पूर्णपणे रायन व्हाइट या केंद्र सरकारच्या एचआयव्ही उपचार कार्यक्रमावर आणि राज्याच्या एचआयव्ही औषध योजनेवर अवलंबून असतो. या योजनांची पात्रता ठराविक काळाने नव्याने सिद्ध करावी लागते: उत्पन्नाचा पुरावा, राहत्या पत्त्याचा पुरावा. ज्याला मजुरी रोखीने मिळते आणि खोलीचा भाडेकरार चुलतभावाच्या नावावर आहे त्याने हे पुरावे कुठून आणायचे? माझ्या खिडकीवरून जे रुग्ण रिकाम्या हाताने परत जातात त्यांच्यापैकी कितीतरी जण औषध हवे म्हणूनच आलेले असतात, आणि त्यांची ‘फाइल संपलेली’ असते. असा माणूस पुढच्या वेळी आला नाही तर त्याला अविश्वासू म्हणावे का? म्हणता येईल, पण तो अविश्वास त्याने घरून आणलेला नव्हता, तो आपण त्याला दिलेला आहे.

आता अज्ञानाबद्दल. माझे स्पष्ट मत असे की यात अज्ञानाचा भाग थोडा आहे आणि अनुभवाचा भाग मोठा. या विषयावरील प्रशिक्षणात तुम्हाला टस्कीगीची कथा सांगितली गेली असेल: १९३२ ते १९७२ या काळात अमेरिकेच्या सार्वजनिक आरोग्य सेवेने अलाबामातील कृष्णवर्णीय पुरुषांना सिफिलिसवरील उपचारांपासून वंचित ठेवून केवळ त्यांचे निरीक्षण केले. हिस्पॅनिकांच्या इतिहासातही अशी प्रकरणे आहेत. त्याच आरोग्य सेवेने १९४६ ते १९४८ मध्ये ग्वाटेमालातील कैदी, सैनिक, मनोरुग्ण आणि देहविक्रय करणाऱ्या स्त्रियांवर प्रयोग केले. त्यांत माणसांना मुद्दाम सिफिलिस व परम्याची लागण करण्यात आली. त्या प्रयोगांचे प्रमुख डॉक्टर जॉन कटलर पुढे टस्कीगीतही होते. इतिहासकार सुझन रेव्हर्बी यांना त्यांची कागदपत्रे सापडली आणि २०१० मध्ये प्रकरण उघड झाल्यावर राष्ट्राध्यक्ष ओबामांनी ग्वाटेमालाच्या राष्ट्राध्यक्षांची माफी मागितली. पोर्तो रिकोत १९५६ पासून गर्भनिरोधक गोळीच्या पहिल्या मोठ्या चाचण्या झाल्या आणि १९६५ च्या एका पाहणीत तेथील सुमारे एक तृतीयांश मातांची नसबंदी झालेली आढळली. लॉस एंजेलिसच्या सरकारी रुग्णालयात मेक्सिकन वंशाच्या स्त्रियांच्या, प्रसूतीच्या कळा चालू असताना इंग्रजी कागदांवर सह्या घेऊन, नसबंदी शस्त्रक्रिया करण्यात आल्या. त्यांच्यापैकी दहा जणी न्यायालयात गेल्या आणि १९७८ मध्ये निकाल डॉक्टरांच्या बाजूने लागला.

हे सगळे तुम्हाला माहीत असावे, पण त्यावर फार भिस्त ठेवू नका. ग्वाटेमालाच्या प्रयोगांचा उल्लेख माझ्या रुग्णांच्या तोंडून मी क्वचितच ऐकला आहे. त्यांना आठवते ते मामाचे, आजीचे आणि स्वतःचे. मामाचे उदाहरण घ्या. १९८७ पासून २०१० च्या जानेवारीपर्यंत एचआयव्ही असलेल्या परदेशी माणसाला अमेरिकेत प्रवेश आणि ग्रीन कार्ड सर्वसाधारणपणे नाकारले जाई, आणि १९९० चा कायदा येईपर्यंत समलैंगिक असणे हेसुद्धा प्रवेश नाकारण्याचे कारण होते. त्या काळात ग्रीन कार्डसाठीच्या वैद्यकीय तपासणीत एचआयव्हीची चाचणी असे. म्हणजे जो मामा भाच्याला सांगतो की ‘अमेरिकन डॉक्टरला रक्त देऊ नकोस, कागदपत्रे अडकतील’, तो त्याच्या काळापुरते अगदी बरोबर सांगत होता. नियम गेला, सल्ला मात्र कुटुंबात राहिला. हा नियम आता नाही एवढे एक वाक्य रुग्णाला सांगितले तरी पुष्कळदा त्याचा चेहरा बदलतो. ते वाक्य दवाखान्यातले कुणी आपणहून सांगत नाही, याचे मला अजूनही आश्चर्य वाटते.

सगळ्यांना एकाच ‘लॅटिनो’ चौकटीत बसवले की असे तपशील हातून निसटतात. पोर्तो रिकोतील माणूस जन्माने अमेरिकन नागरिक असतो, त्याला स्थलांतर खात्याचे भय दाखवून त्याच्या वागण्याचा अर्थ लावता येत नाही. वयस्क क्यूबन रुग्णाला आठवते ते वेगळेच: क्यूबाने १९८६ पासून एचआयव्ही बाधितांना आरोग्यधामांत सक्तीने ठेवले होते आणि ही सक्ती १९९३ च्या सुमारास सैल झाली. त्यामुळे ‘तुमची नोंद सरकारी यादीत जाईल’ या वाक्याचा त्याच्या मनात उमटणारा अर्थ तुमच्या-माझ्यापेक्षा निराळा असतो. मेक्सिकोतून आलेल्या कित्येक तरुणांनी तेथे सरकारी योजनेतून मोफत औषध घेतलेले असते. त्यांना औषधाबद्दल काडीचीही शंका नसते, शंका असते ती अमेरिकन खिडकीबद्दल. आणि टेक्सासमध्येच जन्मलेला, आईवडिलांच्या विम्यावर असलेला २३ वर्षांचा मुलगा घाबरतो ते विमा कंपनीकडून घरी येणाऱ्या हिशेबाच्या पत्राला.

समलैंगिक असण्यामुळे यात आणखी एक थर येतो. ऑर्लँडोतील पल्स क्लबमध्ये १२ जून २०१६ रोजी लॅटिन रात्रीच्या कार्यक्रमात ४९ जणांची हत्या झाली. त्यानंतर रक्तदानासाठी रांगा लागल्या, पण आधीच्या वर्षभरात पुरुषाशी संबंध आलेल्या पुरुषाचे रक्त तेव्हाच्या नियमानुसार घेतले जात नव्हते. आपल्याच मित्रांसाठी रक्त देऊ पाहणाऱ्या कित्येकांना तो नियम आडवा आला. तो प्रत्येक माणसाच्या जोखमीनुसार ठरवण्याची पद्धत २०२३ मध्ये आली. उभयलैंगिक पुरुषांचे तर याहून अवघड असते, कारण नोंदणीच्या अर्जावरच ते खोटे ठरतात. पत्नी आहे असे लिहिले की डॉक्टर पुढचे प्रश्न विचारत नाहीत, पुरुषांशी संबंध येतो असे लिहिले की त्यांना ‘गे’ म्हटले जाते, आणि बरेच जण स्वतःला तसे म्हणवत नाहीत. सरळ ‘पुरुष, स्त्रिया की दोघेही’ असे विचारावे आणि त्या उत्तराला कोणतेही नाव देऊ नये.

इथपर्यंतचा मुद्दा एवढाच की ‘अविश्वास’ या एका शब्दाखाली निदान तीन वेगळ्या गोष्टी असतात: औषधावरचा, संस्थेवरचा आणि समोर बसलेल्या माणसावरचा. तिन्हींची कारणे वेगळी आणि उपायही वेगळे. तुम्ही विचारलेले ‘काय सांगावे’ हे त्यातली कोणती गोष्ट आडवी येते आहे ते कळल्याशिवाय ठरवता येत नाही, आणि ‘तुमचा आमच्यावर विश्वास आहे का’ असे विचारून ते कळत नाही. त्या प्रश्नाला सौजन्यशील माणूस ‘हो, डॉक्टर’ एवढेच म्हणणार. मी दोन प्रश्न विचारते. पहिला: या गोळीबद्दल तुम्ही ऐकलेली सगळ्यात वाईट गोष्ट कोणती? दुसरा: तुम्ही इथे येता हे कुणाला कळू नये असे तुम्हाला वाटते? पहिल्या प्रश्नातून औषधाची शंका बाहेर येते, दुसऱ्यातून बाकीची सगळी. उत्तर आले की लगेच खोडून काढू नये, हे तुम्हाला एआरटी सेंटरच्या अनुभवातून ठाऊकच असेल.

संस्थेपासून सुरुवात करते, कारण तेथेच आपण सर्वाधिक नुकसान करतो. बहुतेक कर्मचारी नव्या रुग्णाला धीर देण्यासाठी म्हणतात की ‘इथले कुणालाही कळणार नाही’. हे खरे नाही. अमेरिकेच्या सगळ्या राज्यांत एचआयव्हीचा निष्कर्ष रुग्णाच्या नावासह आरोग्य खात्याला गोपनीयपणे कळवावा लागतो. त्यानंतर खात्याचा कर्मचारी फोन करतो, कधी घरीही येतो, आणि जोडीदारांना कळवण्याविषयी विचारतो. ‘कुणालाही कळणार नाही’ असे ऐकून गेलेल्या माणसाला काही दिवसांत सरकारी फोन आला तर त्याने काय समजावे? पहिल्याच भेटीत आपण खोटे बोललो, हाच निष्कर्ष तो काढणार. म्हणून पहिल्या दिवशीच सांगावे: अमुक माहिती आरोग्य खात्याला जाते, ती कशासाठी वापरली जाते ते असे, अशा प्रकारचा फोन येऊ शकतो, जोडीदाराला कळवताना तुमचे नाव सांगितले जात नाही. विमा असेल तर विमा कंपनीला काय जाते आणि घरी कोणते पत्र येऊ शकते तेही सांगावे. ऐकताना रुग्ण अस्वस्थ होतो हे खरे, पण पुढे घडणारी प्रत्येक गोष्ट तुम्ही आधी सांगितल्याप्रमाणे घडते, आणि टिकणारा विश्वास मी याच मार्गाने तयार होताना पाहिला आहे.

स्थलांतर खात्याच्या भीतीबाबत तर ‘घाबरू नका’ हे शब्द मी पूर्णपणे सोडून दिले आहेत, कारण घाबरण्याजोगे पुरेसे घडते आहे. टेक्सासच्या गव्हर्नरांच्या आदेशानुसार नोव्हेंबर २०२४ पासून रुग्णालयांना रुग्णाच्या स्थलांतरविषयक स्थितीची विचारणा करावी लागते. जानेवारी २०२५ मध्ये रुग्णालये व शाळा यांसारख्या ठिकाणी कारवाई टाळण्याचे केंद्र सरकारचे जुने धोरण रद्द झाले. त्याच वर्षी मेडिकेडच्या नोंदींतील माहिती स्थलांतर यंत्रणेला दिल्याचे उघड झाले आणि राज्ये न्यायालयात गेली. अशा परिस्थितीत रुग्णाची भीती अवास्तव आहे असे म्हणणारा कर्मचारी एकतर बातम्या वाचत नाही किंवा खरे सांगत नाही. जे निश्चित आहे ते सांगता येते: रायन व्हाइट कार्यक्रमाच्या सेवेसाठी कायद्याने स्थलांतराची स्थिती सिद्ध करावी लागत नाही, टेक्सासचा तो आदेश रुग्णालयांसाठी आहे आणि तेथेही उत्तर न देण्याचा रुग्णाला हक्क आहे, उत्तर काहीही असले तरी उपचार थांबत नाहीत. आणि एक गोष्ट आपल्या हातात असते: रुग्णाच्या नोंदीत त्याची स्थलांतराची स्थिती लिहू नये, ‘कागदपत्रे नाहीत’ असे सूचित करणारे वाक्यही नको. जे लिहिलेच नाही ते कुणी मागू शकत नाही. नोंदीतील भाषेबद्दलही तेच: २०२१ पासून रुग्णांना आपल्या नोंदी ऑनलाइन वाचता येतात आणि मोबाइलमधील भाषांतराने ते त्या वाचतात. ‘रुग्ण औषध नाकारतो’ असे लिहिलेले वाचून एका रुग्णाने मला विचारले होते, “मी नाकारले कधी? मी फक्त प्रश्न विचारला होता.”

आता औषधावरच्या शंका. तुमच्या रुग्णाने सांगितलेली दडवलेल्या औषधाची गोष्ट मी अनेक रूपांत ऐकली आहे आणि तिच्यात बहुधा प्रसिद्ध अमेरिकन बास्केटबॉलपटू मॅजिक जॉन्सन असतात: त्यांनी १९९१ मध्ये एचआयव्ही असल्याचे जाहीर केले, ते आजही ठणठणीत आहेत, ते श्रीमंत आहेत, म्हणजे त्यांना वेगळे औषध मिळाले असणार. यावर ‘अफवांवर विश्वास ठेवू नका’ म्हणणे निरुपयोगी आहे, कारण तर्क वाईट नाही, त्याला एक माहिती कमी आहे. मी सांगते की १९९६ च्या सुमारास आलेल्या संयुक्त उपचारांनी ते वाचले आणि तुमच्या हातातली गोळी त्या काळच्या मूठभर गोळ्यांपेक्षा कितीतरी चांगली आहे. मुळापासून बरी झालेली माणसेही आहेत हे मी लपवत नाही. एचआयव्हीतून बरे झालेले पहिले रुग्ण टिमोथी रे ब्राउन यांचे नाव घेते आणि सांगते की त्यांना रक्ताचा कर्करोग झाला होता म्हणून अस्थिमज्जा बदलावी लागली, तो उपचार स्वतःच जीवघेणा आहे. सत्याचा जो अंश अफवेत आहे तो आपण आधी मान्य केला की उरलेले ऐकून घेतले जाते.

एचआयव्ही अमेरिकन सरकारने प्रयोगशाळेत बनवला, ही दुसरी लोकप्रिय गोष्ट. तिचा एक धागा थेट भारतात येतो. १९८३ च्या जुलैमध्ये नवी दिल्लीच्या ‘पेट्रियट’ या सोव्हिएतधार्जिण्या दैनिकात एका निनावी पत्राच्या रूपाने ती छापून आली, आणि पुढे सोव्हिएत गुप्तहेर संघटनेने ती जगभर पसरवली. हे मी रुग्णाला क्वचितच सांगते, कारण ‘सरकारनेच केले’ असे म्हणणाऱ्याला ‘ते दुसऱ्या सरकारने पसरवले’ हे उत्तर पटत नाही. पण तुम्ही भारतीय आहात, तुम्हाला ते माहीत असायला हरकत नाही. मी एवढेच म्हणते की विषाणू कुठून आला याविषयी आपले मत वेगळे असले तरी तो तुमच्या रक्तात किती आहे हे आपण दोघे मिळून मोजू शकतो.

वयाने मोठ्या रुग्णांची शंका मात्र अफवेतून आलेली नसते. १९८७ मध्ये मान्यता मिळालेले एझेडटी हे एचआयव्हीवरील पहिले औषध सुरुवातीला फार मोठ्या मात्रेत, दर चार तासांनी दिले जाई, आणि ते घेणारे मित्र रक्तक्षयाने खंगून गेलेले त्यांनी पाहिले आहेत. ‘ती गोळीच मारते’ असे म्हणणाऱ्या साठीतल्या माणसाशी वाद घालू नका. त्याने जे पाहिले ते खरे आहे, आणि आजच्या गोळीत ते औषध नाही, हे डबीवरचे घटक वाचून दाखवावे.

पैशाबद्दल तर बोलायलाच हवे, कारण मोफत असणे हीच शंकेची मोठी जागा आहे. आजच्या रोज एका गोळीच्या उपचाराची अमेरिकेतील छापील किंमत महिन्याला तीन हजार डॉलरहून अधिक आहे. रुग्णाला पावतीवर तो आकडा दिसतो आणि खाली ‘तुम्हाला देणे: शून्य’ असे लिहिलेले असते. आयुष्यभर प्रत्येक गोष्टीची किंमत मोजलेला माणूस विचारणारच की हे पैसे कोण भरतो आणि बदल्यात काय घेतो. एखाद्याला वाटते आपल्यावर चाचणी चालू आहे. २०१० मध्ये ज्या चाचणीने प्रेपची, म्हणजे एचआयव्हीची लागण टाळण्यासाठी आधीच घ्यायच्या औषधाची, उपयुक्तता सिद्ध केली तिच्यातील २,४९९ सहभागींपैकी बहुसंख्य पेरू आणि इक्वाडोरमधले होते, पण औषधाला मान्यता २०१२ मध्ये आधी अमेरिकेत मिळाली आणि त्यांच्या देशांत ते सहजी मिळायला बरीच वर्षे लागली. ही माहिती असलेला लिमाचा रुग्ण ‘आमच्यावर प्रयोग, फायदा तुम्हाला’ असे म्हणाला तर त्याला काय उत्तर द्यायचे? मी मान्य करते. मग सांगते की तुमच्या औषधाचे पैसे केंद्र सरकारच्या १९९० च्या कायद्यातून येतात, कंपनी नफा कमावते हे खरे आहे, आणि तुम्ही कोणत्याही चाचणीत नाही. चाचणी असती तर वेगळ्या कागदावर, स्पॅनिशमध्ये, तुमची सही लागली असती. मुंबईच्या सिप्ला या औषध कंपनीने २००१ मध्ये तीन औषधांचा उपचार दिवसाला एका डॉलरहून कमी किमतीत देऊ केला होता, हे तुम्ही सांगितले तर रुग्णाला कुतूहल वाटेल. माझ्या अनुभवात औषध कंपनीवरचा राग आणि औषधावरचा भरवसा एकाच माणसात सुखाने राहू शकतात, आणि पहिला घालवण्याची आपल्याला गरज नसते.

गोळी काम करते यासाठी माझ्या शब्दाची साक्ष पुरेशी नाही, त्याने ती स्वतः तपासून पाहावी असे मी सांगते. पहिला व्हायरल लोड, म्हणजे रक्तातील विषाणूंचे प्रमाण, कागदावर लिहून देते, महिन्यानंतरचा त्याच्याखाली. हवे तर दुसऱ्या प्रयोगशाळेत तपासा, असेही म्हणते. लाखाचा आकडा काही आठवड्यांत शेकड्यांत आलेला दिसला की अफवेची अर्धी ताकद जाते. त्यानंतर जोडीदाराची गोष्ट: २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या युरोपातील अभ्यासात ७८२ पुरुष जोडप्यांमध्ये, एकाला एचआयव्ही आणि दुसऱ्याला नाही अशा स्थितीत, निरोधाविना सुमारे ७६ हजार वेळा संबंध आले, आणि उपचारांनी विषाणू दबलेल्या जोडीदाराकडून दुसऱ्याला एकही लागण झाली नाही. ज्याने स्वतःला धोका समजून वर्षानुवर्षे कुणाला जवळ येऊ दिले नाही त्याच्यासाठी ही माहिती गोळी घेण्याचे सगळ्यात मोठे कारण ठरते, स्वतःच्या आयुर्मानापेक्षाही मोठे.

काही गोष्टी निव्वळ व्यवहाराच्या आहेत, पण त्यावाचून वरचे सगळे वाया जाते. एका खोलीत पाच-सहा जण राहत असतील आणि त्या गोळीची जाहिरात स्पॅनिश वाहिन्यांवर रोज लागत असेल, तर डबी लपणार कुठे? काही गोळ्या ओलावा शोषणाऱ्या पुडीसह मूळ डबीतच ठेवाव्या लागतात, म्हणून ‘दुसऱ्या डबीत ओता’ हा सल्ला फार्मसिस्टला विचारल्याशिवाय देऊ नका. टपालाऐवजी हातात देणे, कामाच्या पिशवीत ठेवता येईल असे पाहणे, किंवा दर दोन महिन्यांनी घ्यायच्या इंजेक्शनांचा विचार करणे हे पर्याय डॉक्टरांशी बोलून ठरवावेत. आठवणीच्या संदेशात दवाखान्याचे नाव नसावे. आणि खिडकीवर पूरक गोळ्यांविषयी विचारावेच: कॅल्शियम, लोह, जस्त किंवा आम्लपित्तावरच्या काही गोळ्या एकाच वेळी घेतल्या तर आजच्या बऱ्याच एचआयव्ही औषधांचे शोषण कमी होते. ब जीवनसत्त्वाच्या इंजेक्शनांवर मेक्सिकन कुटुंबांची जी श्रद्धा आहे ती पाहून मला आपल्याकडच्या न्यूरोबिऑनची आठवण येते. त्याला नावे ठेवू नका. ती सहसा त्रासदायक नसतात आणि त्यांची चौकशी करणारा माणूस रुग्णाला आपला वाटतो.

उरला तुमचा तिसरा प्रश्न. स्पॅनिश शिका, रोज थोडी शिका, निदान अभिवादन आणि गोळीच्या सूचना तरी दुभाष्याविना देता याव्यात. पण तुम्ही लॅटिनो नाही म्हणून तुमच्यावर विश्वास बसणार नाही, या गृहीतकाशी मी सहमत नाही. न्यू जर्सीत राहणाऱ्या आणि घरी काहीच न सांगितलेल्या एखाद्या समलैंगिक मराठी तरुणाला, आपला एचआयव्हीचा डॉक्टर दर गणेशोत्सवात महाराष्ट्र मंडळात भेटणारा काका असावा असे वाटेल का? तुमच्या रुग्णांचेही तेच आहे. स्वागतकक्षातली स्पॅनिश बोलणारी ताई त्याच्याच चर्चमध्ये जाते, प्रत्यक्ष येणारा दुभाष्या त्याच्याच गावचा आहे, आणि बातमी टेक्सासहून त्याच्या आईपर्यंत एका व्हॉट्सॲप संदेशात पोहोचते. माझ्या परिचयातल्या काही रुग्णांनी परक्या माणसाकडेच बसण्याचा आग्रह धरला आहे. उलट असेही आहेत की ज्यांना त्यांच्यासारखाच, एचआयव्हीसह जगणारा लॅटिनो सहकारी भेटला तेव्हाच ते पहिल्यांदा बोलले. असा साहाय्यक तुमच्या दवाखान्यात असेल तर त्याची ओळख जरूर करून द्या, पण आधी विचारून.

तेव्हा पहिल्या भेटीत भाषेची व्यवस्था तुम्ही ठरवू नका, त्याला ठरवू द्या: आपल्यापैकी स्पॅनिश बोलणारा कर्मचारी, समोर बसणारा दुभाष्या, की दूरच्या शहरातून फोनवर बोलणारा. मित्राला किंवा नातलगाला भाषांतर करायला लावू नका, तो आनंदाने तयार असला तरीही. फोनवरचा दुभाष्या घेतलात तर त्याला रुग्णाचे नाव सांगण्याची गरज नसते, आणि हे फोन जोडण्यापूर्वी रुग्णाला सांगा.